टेस्ट रिपोर्टवर वायरिंग करणाऱ्याचं नाव का नाही? लायसन्सिंग बोर्डाला खुलं पत्र

प्रति,
माननीय मुख्य विद्युत निरीक्षक साहेब, लायसन्सिंग बोर्डातले सगळे साहेब आणि मॅडम, आणि जिल्ह्याजिल्ह्यातले विद्युत निरीक्षक,

सप्रेम नमस्कार.

मी अमरावती जिल्ह्यातला वायरमन आहे. 1989 पासून या लाइनीत आहे. तुमच्या कागदावर मात्र 2006 पासून, कारण परमिट तेव्हा मिळालं, पण हातात पक्कड आली ती दहावीत नापास झालो त्याच उन्हाळ्यात. पत्रबित्र लिहायची सवय नाही, पोरीने मोबाइलवर टाइप कसं करायचं ते दाखवलं म्हणून लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गेल्या मे महिन्यात आमच्याच भागात एका नवीन घरात कूलरचा शॉक लागून एक बाई गेल्या. वय पस्तीसच्या आत. विदर्भातल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही, दर उन्हाळ्यात पेपरात अशी बातमी असतेच, आणि बातमीत "कूलरमध्ये करंट उतरला" एवढं एकच वाक्य असतं, जसा काही करंट स्वतःच्या मनाने उतरतो. मला त्यांच्या दिराने दुसऱ्या दिवशी बोलावलं, घरात बाकी लहान लेकरं आहेत, सगळं एकदा बघून घ्या म्हणून.

कूलर तसाच होता. पत्र्याची बॉडी, खाली फरशीवर पाणी सुकल्याचे डाग, बाजूला बादली. त्या बाई अनवाणी पायाने पाणी भरत होत्या आणि दुसरा हात बॉडीला लागला. पाण्याच्या पंपाचं वाइंडिंग ओलं होऊन गळत होतं, ते कूलरमध्ये होतंच, कुणाच्याही होईल. पण प्लग तीन पिनचाच होता, सॉकेटही तीन भोकांचं, कंपनीचं, चांगलं. मग मी बोर्ड खोलला. अर्थिंगची, म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणारी, हिरवी वायर सॉकेटपर्यंत बरोबर आली होती. तिच्या मागे मागे मीटरपेटीपर्यंत गेलो तर तिथे ती हिरवी वायर बोटभर ठेवून कापलेली, टोकाला काळी टेप गुंडाळलेली, आणि पेटीत मागे सारून दिलेली. घराबाहेर रॉड नाही, प्लेट नाही, खड्डा नाही, काहीच नाही. म्हणजे साहेब, त्या घरातल्या प्रत्येक थ्री-पिन सॉकेटचं वरचं जाड भोक नुसतं शोभेचं होतं.

अर्थिंग असतं तर बॉडीत आलेल्या करंटला जमिनीची वाट मिळाली असती, आणि सोबत 30 मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की सप्लाय तोडणारं स्विच, असतं तर सेकंदाचा तिसरा हिस्सा भरायच्या आत सप्लाय कट झाला असता. घरात एमसीबी होती, आणि घरमालक मला तेच विचारत होता, की अहो एमसीबी बसवली होती ना, मग ती का नाही पडली. त्याला मी काय सांगू. एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही. सोळा अँपिअरची एमसीबी तिच्यावर लोड आला किंवा शॉर्ट झालं तर पडते, माणसाच्या अंगातून पाव अँपिअर गेला तरी माणूस संपतो आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. ही गोष्ट वायरिंग करताना कुणीतरी त्याला सांगायला पाहिजे होती. कुणी सांगितली नाही कारण करणाऱ्याला पण माहीत नसणार.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या घराच्या फाइलमध्ये कनेक्शन घेताना जोडलेल्या टेस्ट रिपोर्टची झेरॉक्स होती. तुम्हाला माहीतच आहे, नवीन कनेक्शनला ए-वन फॉर्मबरोबर लायसनवाल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यात लिहिलं होतं, इन्सुलेशन (वायरच्या आवरणाची ताकद) 50 मेगओहम, अर्थ रेझिस्टन्स (करंट जमिनीत जाताना होणारा अडथळा) 2 ओहम. खाली सही, शिक्का, लायसन नंबर. दोन ओहम! जिथे रॉडच नाही तिथे दोन ओहम कशाचे मोजले? मला राहवलं नाही, त्याच लेआउटमधल्या ओळखीच्या तीन घरांचे रिपोर्ट मागून पाहिले. तिन्हींवर 50 आणि 2. अक्षर एकच, पेन पण एकच असावा.

आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी काही गौप्यस्फोट वगैरे करत नाहीये. एका झेरॉक्सच्या दुकानात सही-शिक्का मारलेल्या टेस्ट रिपोर्टचं पॅड असतं, दुकानातलं पोरगं नाव, पत्ता आणि लोड विचारतं आणि बाकीचे रकाने आपल्या मनाने भरतं. पाच मिनिटाचं काम. सही करणारा ठेकेदार त्या घरात कधी गेलेला नसतो, आणि ज्याने झिऱ्या मारल्या, पाइप टाकले, वायर ओढली, बोर्ड भरले, त्याचं नाव त्या कागदावर कुठेच नसतं. दुकानाचं आणि ठेकेदाराचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण एकाला धरून काही होत नाही, त्याच्या शेजारी दुसरा बसलेलाच आहे.

कायद्यात हे कधीपासून आहे ते परीक्षेचा अभ्यास करताना मी वाचलंय. इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्स 1956, त्यातला नियम 45. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच असं किरकोळ बदलायचं सोडून बाकी कुठलंही वायरिंगचं काम, मग ते नवीन असो, वाढीव असो की दुरुस्तीचं, ते लायसनवाल्या ठेकेदारानेच करायचं, सक्षमतेचं सर्टिफिकेट असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली, आणि करणाऱ्याकडे परमिट पाहिजे. 2003 चा वीज कायदा आला, 2010 ला केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले, 2023 ला ते पुन्हा नवीन आले, पण ही गोष्ट तशीच राहिली. तीन माणसं सांगितली आहेत बघा, ठेकेदार, सुपरवायझर आणि वायरमन. आणि गावात प्रत्यक्षात काम करणारा जो आहे तो या तिघांपैकी कुणीच नसतो. तो चौथा असतो, आणि सगळं कामच त्याचं असतं.

मी सतरा वर्षं तो चौथा होतो म्हणून सांगतोय.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या मिस्तरींकडे पण परमिट नव्हतं. हात मात्र सोन्याचा. त्यांनी केलेलं केसिंग-कॅपिंगचं काम अजून दोन जुन्या वाड्यांत चालू आहे, पट्टी दोरीत धरल्यासारखी सरळ. पण त्यांनी मला एक गोष्ट शिकवली ती अशी, की अर्थिंगचा खड्डा खोदायची मालकाची तयारी नसेल तर अर्थची वायर न्यूट्रललाच जोडून द्यायची, मशीन चालते, बॉडीला टेस्टर लावला तर पेटत नाही, गिऱ्हाईक खुश. मी हे कित्येक घरांत केलं. मनापासून, चांगलं काम म्हणून केलं. परीक्षेसाठी पुस्तक उघडलं तेव्हा कळलं की पोलवरून येणारा न्यूट्रल जर कुठे तुटला तर अशा घरातल्या फ्रिजच्या, मिक्सरच्या, कूलरच्या सगळ्या बॉडीवर 230 व्होल्ट येऊन बसतात. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढचे दोन-तीन महिने रविवारी सायकलवर जाऊन मी जुन्या गिऱ्हाईकांच्या घरी ते जोड काढत फिरलो. काही घरांत मला आत घेतलं नाही, पैसे मागायला आला असेल वाटलं त्यांना. दोन घरं मला आठवलीच नाहीत, आणि ती कुठली असतील हे अजून मधूनच मनात येतं.

म्हणून कुणी मला म्हणतं ना की लायसन-बिसन नुसतं कागदाचं काम आहे, परीक्षाच काढून टाका, तर मी त्याच्याशी भांडतो. परीक्षेने मला शिकवलं. मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, काय असतो हे मी सतरा वर्षं काम करूनही पाहिलं नव्हतं. 500 व्होल्ट एक मिनिट द्यायचे आणि रीडिंग एक मेगओहमच्या खाली येता कामा नये, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही टेस्ट लॅम्प लावून बघायचो, बल्ब पेटला की काम पास. माझं म्हणणं परीक्षा सोपी करा असं बिलकुल नाहीये. माझं म्हणणं असं आहे की ती त्या चौथ्या माणसापर्यंत पोचतच नाही.

का पोचत नाही ते सांगतो. आयटीआयमधून दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड करून आलेल्या पोराला रस्ता आहे, सर्टिफिकेट आहे, अप्रेंटिसशिप आहे, त्याचं बरं आहे आणि ते बरोबरच आहे. पण जो बारा-पंधरा वर्षं हाताने काम करतोय त्याला आधी अनुभवाचा दाखला पाहिजे, आणि तो लायसनवाल्या ठेकेदाराकडूनच पाहिजे. आता तो ठेकेदार तर फक्त सही करतो, या पोराला त्याने कधी कामावर ठेवलेलंच नसतं. मग दाखला पण विकतच घ्यावा लागतो. माझ्या वेळेला एका ठेकेदाराने माझ्याकडून दाखल्याचे जे पैसे घेतले ते माझी दीड महिन्याची कमाई होती, बायकोच्या कानातले ठेवून दिले होते. म्हणजे खरा अनुभव सतरा वर्षांचा माझ्याकडे, आणि कागदावर लिहिलेला अनुभव त्याच्याकडचा, जो खोटा. प्रामाणिकपणाने परमिट काढायला निघालेल्या माणसाचा पहिला कागदच खोटा बनवावा लागतो, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही वाटतं.

दुसरं म्हणजे भाषा. परमिटच्या फॉर्मवर "तारतंत्री" लिहिलं होतं. मी दोन दिवस तो फॉर्म घेऊन फिरलो की हा आपला नाहीच, हा दुसऱ्या कुणाचा दिसतोय. शेवटी शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं की अरे वेड्या तारतंत्री म्हणजे तूच, वायरमन. अनुज्ञप्ती म्हणजे लायसन. आमच्याकडे सगळे त्याला अजूनही पीडब्ल्यूडी लायसनच म्हणतात. असे शब्द सरकारी मराठीत असू द्या, पण फॉर्मवर त्याच्या शेजारी वायरमन, लायसन, सुपरवायझर एवढं तरी छापा.

परीक्षेला मी गेलो तेव्हा प्रॅक्टिकलला जिन्याचं वायरिंग आलं होतं, दोन टू-वे स्विच आणि एक दिवा. ते मी डोळे मिटून केलं. तोंडी परीक्षेला साहेबांनी विचारलं की न्यूट्रल आणि अर्थ दोन्ही शेवटी जमिनीलाच जातात तर मग दोन वायरी कशाला. मी त्यांना न्यूट्रल तुटल्यावर काय होतं ते सांगितलं, आणि माझा आवाज जरा कापला. त्यांनी वर बघितलं, काही बोलले नाहीत, पुढचा प्रश्न विचारला. त्या साहेबांचं नाव मला माहीत नाही, पण त्या प्रश्नासाठी मी त्यांचा आभारी आहे.

आज माझ्या ओळखीत अशी अकरा पोरं आहेत ज्यांच्याकडे परमिट नाही आणि रोज काम आहे. मी मोजलेत, नावानिशी सांगू शकतो पण इथे सांगत नाही. कुणी पॉइंटवर काम घेतो, कुणी रोजाने. दोघांनी कौशल्य योजनेतून आरपीएलचं, म्हणजे आधीपासून येत असलेलं काम तपासून देतात ते, सर्टिफिकेट घेतलं, फोटो काढले, घरी फ्रेम करून लावलंय, त्यांना वाटलं हेच लायसन. ते लायसन नाही हे मी सांगितल्यावर एकाचं तोंड एवढंसं झालं. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे घेतले, त्यात सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, न्हावी आहे, शिंपी आहे, त्यांचं चांगलंच झालं, पण वायरमन त्या अठरात नाही. गावात सुताराइतकीच गरज वायरमनची पडते हे काय मी सांगायला पाहिजे का.

आणि यातलाच अजून एक प्रकार आहे ज्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र संपवता येत नाही, तो म्हणजे झिरो वायरमन. हा शब्द शहरातल्या लोकांना माहीत नसेल. लाइनमनकडे गावं जास्त, माणूस एकटा, मग त्याच्या हाताखाली गावातलं एखादं धाडसी पोरगं असतं जे पोलवर चढतं, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर फ्यूज टाकतं, तुटलेली तार जोडतं, गावकरी त्याला शंभर-दोनशे देतात. त्याची कुठेच नोंद नाही म्हणून तो झिरो. परमिट हा शब्द आमच्या लाइनीत दोन अर्थाने वापरतात, एक परमिट म्हणजे काम करायचा परवाना आणि दुसरं म्हणजे लाइन परमिट, सबस्टेशनला कळवून लाइन बंद करून घ्यायची, तसं पक्कं कळवून घ्यायचं आणि मगच चढायचं. झिरोकडे दोन्ही नसतात. पहिलं नाही म्हणून दुसरं त्याच्या नावाने निघूच शकत नाही. फोनवर कुणीतरी सांगतं की बंद आहे चढ, आणि तो चढतो. शेजारच्या गावातलं एकवीस वर्षांचं पोरगं असंच गेलं, पेरणीचे दिवस होते, फोनवर बंद सांगितलेली लाइन दुसरीच निघाली. नंतर तो कुणाचाच माणूस नव्हता. कामावर आपण पाठवलं हे कबूल करायला कुणीच तयार नव्हतं. त्याची आई मला विचारत होती की भाऊ, याचा कुठे कागद असेल का हो. काय सांगणार, झिरोचा कागद कुठून असणार.

देशात दरवर्षी शॉक लागून बारा हजारांच्या वर माणसं मरतात, एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे-अपघात नोंदी ठेवणाऱ्या विभागाच्या, आकड्यांत वर्षानुवर्षं हेच येतंय. त्यात कूलर किती, शेतातली मोटर किती, झिरो किती हे वेगळं करून कुणी मांडलेलं माझ्या वाचण्यात नाही, पण गावात राहणाऱ्याला अंदाज आहे.

साहेब, आता मागणं. फार मोठं नाही, पैसे लागतील असं तर अजिबात नाही.

टेस्ट रिपोर्टवर एक रकाना वाढवा, वायरिंग प्रत्यक्ष कुणी केलं त्याचं नाव आणि परमिट नंबर. आणि रीडिंग घेताना मेगरचा आणि अर्थ टेस्टरचा मोबाइलवर फोटो, घराच्या दारासकट. आज कनेक्शनला फोटो सगळेच काढतात, मीटरचे काढतात, रीडिंगचे काढतात, मग हा एक का नको? ठेकेदाराचं लायसन काढताना मेगर आणि अर्थ टेस्टर दाखवायला लागतोच की, मग तो कपाटातून बाहेर निघतो का हे पण बघा. शंभरातले पाच रिपोर्ट जरी तुमच्या माणसाने घरी जाऊन तपासले, आणि रॉड नसताना दोन ओहम लिहिणाऱ्या एकाचं जरी लायसन वर्षभर बंद केलं, तरी ते झेरॉक्सच्या दुकानातलं पॅड दुसऱ्या दिवशी गायब होईल. सही करणाऱ्याला मग खरा वायरमन शोधावा लागेल, परमिटवाला, आणि तेव्हा पोरांना परमिटची किंमत कळेल. आज परमिट काढून काय फरक पडला असं मला पोरं विचारतात तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं, कारण मलाही रेट तोच मिळतो जो बिनपरमिटवाल्याला मिळतो.

परीक्षा तालुक्याच्या आयटीआयमध्ये घ्या. राज्यात चारशेच्या वर सरकारी आयटीआय आहेत, वर्कशॉप आहेत, पॅनल आहेत, मास्तर आहेत, रविवारी कुलूप असतं. तामिळनाडूत अनुभवावर काम करणाऱ्यांसाठी वायरमन हेल्परची परीक्षा आहे आणि तिचं प्रॅक्टिकल आयटीआयमध्येच होतं, मग आपल्याकडे का जमू नये? पोरगं सकाळी डबा घेऊन येईल, प्रॅक्टिकल देईल, तोंडी देईल, संध्याकाळी घरी. जिल्ह्याच्या बाहेर जायचं म्हटलं की दोन दिवसाचा रोज बुडतो आणि मुक्कामाचा खर्च, तिथेच अर्धे गळतात.

आणि अनुभवाच्या दाखल्याला दुसरी वाट काढा. ज्याच्या घरी काम केलं अशा दहा घरमालकांच्या सह्या चालू द्या, ग्रामपंचायतीचं पत्र चालू द्या, नाहीतर सरळ प्रॅक्टिकलच कडक घ्या, तीन तासाचं घ्या, ज्याला येतं त्याला येतं. काम येतंय का ते हातात वायर दिली की दहा मिनिटात कळतं, तुम्हालाही आणि मलाही. त्यासाठी कुणाला कानातले ठेवायला लावू नका. झिरोवाल्या पोरांना पण याच वाटेने आत घ्या, म्हणजे निदान त्यांच्या नावाचा एक कागद तरी कुठेतरी असेल.

त्या कूलरवाल्या घराचं सांगायचं राहिलं. मी आणि दिराने मिळून मागच्या भिंतीपासून पाच फुटांवर खड्डा केला, रॉड टाकला, मीठ-कोळसा भरला, हिरवी वायर मीटरपेटीत नव्याने जोडली, आरसीसीबी बसवलं. मजुरी घेतली नाही, सामानाचे घेतले. तालुक्यातून एकाचा अर्थ टेस्टर मागून आणला आणि रीडिंग घेतलं, पावणेचार ओहम आलं. त्या घराच्या टेस्ट रिपोर्टवर अजून दोनच लिहिलेलं आहे. तुमच्यापैकी कुणी कधी अमरावतीकडे आलात तर कुठलाही रविवार सांगा, मी टेस्टर घेऊन दारात उभा राहतो, आपण पुन्हा मोजू आणि कागदावर बरोबर आकडा आणि खाली बरोबर नाव लिहू.

आपला,
एक परमिटधारक वायरमन, जिल्हा अमरावती